थिबा राजा

थिबा (जन्म : १ जानेवारी १८५९, मंडाले, मृत्यू : डिसेंबर १९१६, रत्नागिरी) हा ब्रह्मदेशाचा (आजचा म्यानमार) अखेरचा राजा होय. कोनबाँग घराण्यातील या राजाने १८७८ ते १८८५ अशी सात वर्षे राज्य केले. तिसऱ्या इंग्रज–ब्रह्मी युद्धातील पराभवानंतर ब्रिटिशांनी त्याला पदच्युत करून हिंदुस्थानात आणले. एप्रिल १८८६ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ, तो रत्नागिरीत नजरकैदेत होता. या काळात तो स्वतःला राजाच मानत राहिला. सरकारच्या लेखी मात्र तो माजी राजा आणि राजकीय बंदी होता. या दोन समजुतींमधील अंतराचा ठसा त्याच्या भेटीगाठी, पत्रव्यवहार, खर्च आणि मुलींचे विवाह अशा सर्व दैनंदिन बाबींवर उमटलेला दिसतो.

जन्म आणि शिक्षण

थिबा हा मिंडान राजाचा मुलगा. मिंडानला अनेक राण्या व राजपुत्र होते. थिबाच्या आईवर राजाची खप्पा मर्जी झाल्याने तिला राजवाडा सोडावा लागला आणि तिने पुढील आयुष्य व्रतस्थ स्त्री म्हणून घालवले. त्यामुळे वारसदार म्हणून थिबाचे नाव प्रारंभी फारसे कोणाच्या मनात नव्हते. त्याचे शिक्षण बौद्ध मठात झाले. पाली भाषा व धर्मग्रंथ यांत त्याला चांगली गती होती. १८७७ मध्ये तो धर्मग्रंथांची कठीण परीक्षा उत्तीर्ण झाला, तेव्हा धर्मनिष्ठ पित्याचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले. मंडाले येथील डॉ. मार्क्स या मिशनऱ्याच्या शाळेतही तो काही काळ शिकला. तेथे त्याला इंग्रजी भाषेची आणि क्रिकेटच्या खेळाची तोंडओळख झाली.

राज्यारोहण

१ ऑक्टोबर १८७८ रोजी मिंडानचा मृत्यू झाला. सिनब्युमाशिन ही महत्त्वाकांक्षी राणी आणि किनवुन मिंजी हा प्रधान यांनी थिबाला गादीवर बसवले. शांत स्वभावाचा व दरबारात स्वतःचा गट नसलेला हा राजपुत्र आपल्या मुठीत राहील, असा दोघांचाही होरा होता. सिनब्युमाशिनची मुलगी आणि थिबाची सावत्र बहीण सुपयालत ही त्याची पट्टराणी झाली. ब्रह्मी राजघराण्यात रक्ताची शुद्धता राखण्यासाठी असे विवाह रूढ होते.

फेब्रुवारी १८७९ मध्ये गादीवर हक्क सांगू शकतील अशा राजघराण्यातील सुमारे ऐंशी व्यक्तींची हत्या करण्यात आली. यात स्वतः थिबाचा वाटा किती आणि सिनब्युमाशिन, सुपयालत व दरबाऱ्यांचा किती, याविषयी मतभेद आहेत. इंग्रजी वृत्तपत्रांनी मात्र त्याची मद्यपी व क्रूर राजा अशी प्रतिमा रंगवली आणि ती त्याला अखेरपर्यंत चिकटून राहिली. राणीच्या नावाचा उच्चार न जमलेल्या इंग्रज सैनिकांनी तिचे नाव थट्टेने सूप-प्लेट असे केले होते.

पादत्राणांचा प्रश्न

मंडालेच्या दरबारात राजासमोर येणाऱ्याने पादत्राणे काढून जमिनीवर बसावे, असा रिवाज होता. पायांचे तळवे राजाच्या दिशेने असू नयेत, हाही त्याचाच भाग होता. ब्रह्मी दृष्टीने हा साधा शिष्टाचार होता. इंग्रज अधिकाऱ्यांना, विशेषतः १८७५ मध्ये मिंडानच्या भेटीस आलेल्या सर डग्लस फॉर्सिथ यांना, तो अपमान वाटला. त्यानंतर ब्रिटिश प्रतिनिधीने पादत्राणे काढून दरबारात जाऊ नये, असे हिंदुस्थान सरकारने ठरवले. मिंडानने रिवाज सोडला नाही. परिणामी ब्रिटिश रेसिडेंट मंडालेत असूनही राजाची आणि त्याची समोरासमोर भेट बंद झाली.

थिबाला ही कोंडी वारशाने मिळाली. राजाचे मन काय आहे हे रेसिडेंटला आणि रेसिडेंटचे काय हे राजाला, तिसऱ्याच्याच तोंडून कळत असे. अफवांना त्यामुळे बळ मिळाले. १८७९ च्या ऑक्टोबरमध्ये रेसिडेन्सीही मंडालेतून काढून घेण्यात आली आणि संवादाचा उरलासुरला मार्गही बंद झाला.

पदच्युती

१८८५ मध्ये ब्रह्मी दरबाराने बॉम्बे–बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीवर सागवानाच्या ओंडक्यांची ठरल्यापेक्षा अधिक उचल केल्याचा ठपका ठेवून सुमारे २३ लाख रुपयांचा दंड बसवला. फ्रान्सशी वाढणारी जवळीकही ब्रिटिशांना खुपत होती. ऑक्टोबरमध्ये त्यांनी निर्वाणीचा खलिता पाठवला. त्यातील मागण्यांत मंडालेतील ब्रिटिश प्रतिनिधीला कोणत्याही मानहानिकारक विधीशिवाय राजाची थेट भेट मिळावी, ही एक अट होती. पादत्राणांचा प्रश्न अशा रीतीने युद्धाच्या कारणांत जाऊन बसला.

जनरल प्रेंडरगास्टच्या सैन्याने २८ नोव्हेंबर १८८५ रोजी मंडाले घेतले. दुसऱ्याच दिवशी राजा, गर्भवती राणी सुपयालत, धाकटी राणी सुपयागले आणि दोन लहान राजकन्या यांना बैलगाड्यांतून नदीकाठी नेऊन ‘थुरिया’ या आगबोटीवर चढवण्यात आले. रस्त्याच्या कडेला जमलेले लोक गुडघे टेकून बसले होते. १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्यात विलीन केल्याची घोषणा झाली. तो थिबाचा सत्ताविसावा वाढदिवस होता.

रत्नागिरीतील वास्तव्य

राजकुटुंबाला प्रथम मद्रासला ठेवण्यात आले. तेथे तिसऱ्या राजकन्येचा जन्म झाला. एप्रिल १८८६ मध्ये ‘क्लाइव्ह’ जहाजातून त्यांना रत्नागिरीस आणले. पुढील वर्षी येथे चौथी राजकन्या जन्मली.

रत्नागिरीची निवड विचारपूर्वक केलेली होती. शहराला रेल्वे नव्हती. पूर्वेस सह्याद्रीचे घाट आणि पश्चिमेस समुद्र होता. बाहेरच्या जगाशी मुख्य संबंध बोटींचा आणि पावसाळ्याच्या महिन्यांत तोही तुटत असे. रत्नदुर्गाच्या पायथ्याचा मिरकरवाडा ही मच्छीमारांची वस्ती. तेथपासून दक्षिणेकडील भाट्याच्या खाडीपर्यंत पसरलेल्या या गावात परका माणूस लपून राहणे कठीण होते. ब्रह्मदेशातील बंडखोरांशी राजाचा संपर्क होऊ नये, हा सरकारचा हेतू येथे सहज साधत होता.

प्रारंभी कुटुंब भाड्याच्या बंगल्यांत राहिले. देखरेखीसाठी एक पोलीस अधिकारी नेमलेला होता. घराबाहेर पडणे, पाहुण्यांची भेट, पत्रांची ये-जा हे सारे त्याच्या परवानगीने होई.

दैनंदिन व्यवहार आणि प्रतिमा

घराच्या उंबरठ्याच्या आत थिबाने मंडालेचा दरबार शक्य तितका टिकवला. सेवकवर्ग ‘शिको’ हा गुडघे टेकून करावयाचा ब्रह्मी नमस्कार करूनच त्याच्यासमोर येई. उंबरठ्याबाहेर मात्र त्याची ओळख वेगळी होती. सरकारी कागदपत्रांत त्याचा उल्लेख माजी राजा असा होई. एकाच माणसाला घरात पायाशी बसणारे सेवक आणि बाहेर समोर उभा राहून नियम सांगणारा अधिकारी, अशा दोन जगांशी बोलावे लागत होते.

याचा परिणाम त्याच्या पत्रव्यवहारावर झाला. तक्रार जिल्ह्यातील अधिकाऱ्याकडे करण्याऐवजी व्हाइसरॉयकडे अर्ज पाठवण्याकडे त्याचा कल असे. राजाने राजाच्या बरोबरीच्या पदाशी बोलावे, ही त्यामागील धारणा होती. स्थानिक अधिकाऱ्यांना त्यात हट्ट दिसे. इंग्रजी अर्ज लिहिण्यासाठी त्याला इतरांवर अवलंबून राहावे लागत असल्याने त्याचा मूळ आशय कितपत पोहोचत असेल, हाही प्रश्नच होता.

‘न्गा मौक’ या प्रसिद्ध माणकाचा वाद याच स्वरूपाचा आहे. मंडाले सोडताना हे माणिक कर्नल स्लेडन यांच्याकडे सुरक्षिततेसाठी दिले होते व ते परत मिळाले नाही, असा थिबाचा दावा होता. स्लेडन १८९० मध्ये मरण पावले, तरी थिबाने हा विषय सोडला नाही. त्याच्या दृष्टीने हा केवळ रत्नाच्या किमतीचा प्रश्न नसून राजाच्या शब्दावर विश्वास ठेवला जातो की नाही, याचा होता. दावा अखेर मान्य झाला नाही.

खर्चाच्या बाबतीतही हेच घडले. बौद्ध राजाने सढळ हाताने दान करावे, ही त्याची शिकवण. मिळणारे निवृत्तिवेतन मात्र बेताचे. तूट भरून काढण्यासाठी सोबत आणलेले जडजवाहीर विकावे लागले आणि कर्जही झाले. त्याला जे औदार्य वाटे, त्याची नोंद सरकारी दप्तरात उधळेपणा म्हणून होई. रत्नागिरीकरांच्या आठवणीत मात्र दिलदार राजा हीच प्रतिमा टिकली.

थिबा राजवाडा

अनेक वर्षांच्या मागणीनंतर सरकारने भाट्याच्या खाडीकडे पाहणाऱ्या टेकडीवर जांभ्या दगडाचा व विटांचा राजवाडा बांधला. उतरती छपरे, सागवानी नक्षीकाम आणि रंगीत काचांच्या अर्धगोल खिडक्या ही त्याची वैशिष्ट्ये. १९१० मध्ये राजकुटुंब तेथे राहावयास गेले. योगायोग असा की, याच काळात रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात (१९०८–१९१४) होते.

राजकन्या

चार राजकन्यांसाठी अनुरूप वर शोधणे हा कुटुंबातील सर्वांत अवघड प्रश्न ठरला. आईवडिलांना राजरक्ताचा जावई हवा होता आणि असा वर मिळणे जवळजवळ अशक्य होते. मुलींची भाषा व ओळखी दोन्ही रत्नागिरीच्या होत्या. घरातील मराठी नोकरमाणसांत वाढल्याने मोठी राजकन्या मराठी सहज बोलत असे. राजवाड्याचा द्वारपाल गोपाळ सावंत याच्याशी तिचे संबंध जुळले. तो विवाहित होता. १९०६ मध्ये तिला मुलगी झाली. ही मुलगी टू टू या नावाने ओळखली जाते. दुसऱ्या राजकन्येने आईवडिलांच्या विरोधाला न जुमानता राजाच्या सेवेतील एका ब्रह्मी तरुणाची निवड केली आणि त्यासाठी घर सोडले. थिबाच्या अखेरच्या दिवसांतील हा मोठा आघात होता. आईवडिलांना मुली मंडालेच्या राजकन्या दिसत होत्या. मुलींना स्वतःचे आयुष्य रत्नागिरीत दिसत होते. सरकारशी जी दरी होती, तशीच ही दरी घरातही पडली.

मृत्यू आणि दफन

डिसेंबर १९१६ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, थिबाचे रत्नागिरीत निधन झाले. राजाचा देह मायदेशीच विसावला पाहिजे, असा सुपयालतचा आग्रह होता. तेथे त्याची समाधी जनक्षोभाचे केंद्र होईल, या भीतीने सरकारने परवानगी नाकारली. राणीने देह ताब्यात देण्यास नकार दिल्याने दफन दोन वर्षांहून अधिक काळ रखडले. अखेर मार्च १९१९ मध्ये थिबा आणि १९१२ मध्ये निवर्तलेली सुपयागले यांचे दफन रत्नागिरीतच करण्यात आले.

त्याच वर्षी सुपयालत रंगूनला परतली. १९२५ मध्ये तिचे तेथे निधन झाले. तिलाही मंडालेत विसावता आले नाही. तिची समाधी श्वेडगोन पॅगोडाजवळ आहे. मोठी राजकन्या मुलीसह रत्नागिरीत परत आली आणि १९४७ मध्ये येथेच निवर्तली. टू टू हिने सारे आयुष्य रत्नागिरीत सामान्य गृहिणी म्हणून काढले. तिचे निधन २००० मध्ये झाले.

वारसा

थिबाच्या वनवासावर वॉल्टर सदगुण देसाई आणि सुधा शाह यांनी चरित्रग्रंथ लिहिले. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ (२०००) या कादंबरीमुळे ही कथा जगभर पोहोचली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन यांनी रत्नागिरीतील समाधीचे दर्शन घेतले. २०१६ मध्ये स्मृतिशताब्दीनिमित्त म्यानमारचे शिष्टमंडळ आले होते. शेवटचा मुघल बादशहा बहादूरशहा जफर याची कबर रंगूनमध्ये आणि ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाची समाधी रत्नागिरीत, असा दोन देशांचा दुवा त्यामुळे निर्माण झाला आहे. थिबा राजवाड्यात आता राज्य शासनाचे वस्तुसंग्रहालय असून जवळचे ‘थिबा पॉइंट’ हे ठिकाण पर्यटकांमध्ये लोकप्रिय आहे. सरकारने मृत्यूपर्यंत ज्याला माजी म्हटले, त्याला शहरात आजही थिबा राजा याच नावाने ओळखतात.