अंगणात आलेली शाळा

ताराबाई मोडक (१८९२-१९७३) पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली, डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या आणि त्यांनी बालवाडी काढली. दलित वस्तीतली मुले मात्र येईनात. आईबापांच्या अडाणीपणाला बोल लावणे सोपे होते. ताराबाईंनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. गाणी, खेळ आयांच्या डोळ्यांदेखत होऊ लागले. तीच अंगणवाडी. १९५७ मध्ये अनुताई वाघांसह त्या कोसबाडला गेल्या. तिथे गुरे राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणातच भरली.

आमच्या खालापूर-कर्जतच्या वाड्यांतली कातकरी कुटुंबे आजही पोरांसह वीटभट्ट्यांवर जातात. पालकसभेस कोणी आले नाही, एवढी नोंद करून वही मिटणे पुरेसे नाही. पालकांच्या दाराकडची पायवाट आधी शाळेनेच पाडायची असते, हे ताराबाईंनी करून दाखवले.