पुसलेलं नाव

परवा नातीच्या शाळेत ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’चा प्रयोग झाला. अर्नेस्ट नावाच्याच तरुणाशी लग्न करीन म्हणणाऱ्या दोन मुली, स्टेशनवर हँडबॅगेत सापडलेला जॅक... पोरांनी धमाल उडवली. मी मात्र कार्यक्रमपत्रिकेवरचं लेखकाचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होतो : ऑस्कर वाइल्ड.

डब्लिनचा हा माणूस. १८९४च्या उन्हाळ्यात वर्दिंगला, समुद्रकाठी बायकामुलांसोबत असताना त्याने हे नाटक लिहिलं. १४ फेब्रुवारी १८९५ला लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात ते गाजलं. चारच दिवसांनी क्वीन्सबेरीच्या मार्क्विसने क्लबात अपमानकारक चिठ्ठी ठेवली. त्याच्या मुलावर वाइल्डचं प्रेम होतं. मित्र फ्रान्सला जा म्हणत होते. याने अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि ती त्याच्यावरच उलटली. एप्रिलमध्ये अटक, मेमध्ये दोन वर्षं सक्तमजुरी. जाहिरातींवरून नाव काढून नाटक आणखी काही दिवस चालवलं गेलं. नाटक हवं, नाटककार नको!

बँकेत मी जप्तीचे, लिलावाचे कागद पुष्कळ हाताळले. पण वाइल्डच्या घरच्या लिलावात मुलांची खेळणीही गेली, हे वाचून पोटात कालवलं. पत्नी कॉन्स्टन्सने स्वतःचं आणि मुलांचं आडनाव बदलून हॉलंड केलं. सुटल्यावर मुलं त्याला कधीच भेटली नाहीत. १९००मध्ये तो पॅरिसच्या एका हॉटेलात वारला.

धाकट्या विवियनने १९५४मध्ये आठवणी लिहिल्या. पुस्तकाचं नाव, ऑस्कर वाइल्डचा मुलगा. लेखकाचं आडनाव मात्र हॉलंडच.