छायाचित्रकार राजा दीनदयाळ

खामगाव, मलकापूर, मेहकर यांसारख्या गावांतील जुन्या घरांत एखादी लोखंडी पेटी असते. तिच्यात जमिनीचे कागद, जुनी पत्रे आणि कधी कधी जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एखादा फोटो सापडतो. त्याचा रंग तपकिरी असतो, कडा पिवळ्या पडलेल्या असतात. शेरवानी घातलेला एक माणूस खुर्चीवर ताठ बसलेला दिसतो. हा कोण, हे घरात कोणालाच आठवत नाही. मग तो फोटो रद्दीत जातो. पण टाकण्यापूर्वी तो एकदा उलटून पाहावा. पुठ्ठ्याच्या मागे किंवा फोटोच्या खाली स्टुडिओचे नाव छापलेले असते. तेथे दीनदयाळ हे नाव असेल, तर तो फोटो भारताच्या एका फार मोठ्या छायाचित्रकाराच्या स्टुडिओतला आहे, असे समजावे.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना या गावी झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात त्यांनी इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतले. १८६६ साली ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागले. इमारतींचे नकाशे काढणे आणि खर्चाचा अंदाज करणे हे त्यांचे काम होते. नकाशे काढता काढता त्यांना कॅमेऱ्याची गोडी लागली. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर आणि इंग्रज अधिकारी सर हेन्री डॅली यांनी त्यांना उत्तेजन दिले. १८८२ साली सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी मध्य भारताचा दौरा केला आणि जुन्या किल्ल्यांचे, मंदिरांचे फोटो काढले. त्या फोटोंचे पुस्तक पुढे लंडनला छापले गेले. नकाशे काढणाऱ्याची नजर त्या फोटोंत दिसते. भिंती सरळ, खांब उभे, कुठे काही तिरपे नाही.

त्या काळी फोटो काढणे सोपे नव्हते. फिल्म नव्हती. काचेवर रसायन लावून तिच्यावर चित्र घ्यावे लागे. कॅमेरा लाकडी आणि जड होता. काचा, बाटल्या, तंबू हे सारे बैलगाडीतून न्यावे लागे. समोरच्या माणसाला काही क्षण अगदी स्तब्ध राहावे लागे. डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावीत. जुन्या फोटोंतील माणसे इतकी गंभीर का दिसतात, याचे एक कारण हेही आहे.

काचेवरून कागदावर फोटो उतरवायचा, तर त्या कागदावर अंड्यातील पांढऱ्याचा थर दिलेला असे. त्यावर चांदीचे रसायन लावून, वर काच ठेवून तो उन्हात धरीत. हा कागद फार पातळ असे आणि लगेच गुंडाळला जाई. म्हणून तो पुठ्ठ्यावर चिकटवावा लागे. अशा फोटोंचे दोन आकार जगभर चालत. पॅरिसच्या डिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने १८५४ साली व्हिजिटिंग कार्डाएवढा लहान फोटो सुरू केला. तो सुमारे अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच होता. १८६६ नंतर त्याहून मोठा, सुमारे साडेसहा इंच उंचीचा 'कॅबिनेट' फोटो आला. लोक नातेवाइकांचे, राजांचे, नटांचे असे फोटो जमवून अल्बममध्ये लावीत.

दीनदयाळ यांचे नशीब खऱ्या अर्थाने उघडले ते हैदराबादला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले. त्यांनी सिकंदराबादला मोठा स्टुडिओ उघडला. आपला बुलढाणा जिल्हा ज्या वऱ्हाडात येतो, तो वऱ्हाडही तेव्हा नावाला निजामाचाच होता. त्याचा कारभार मात्र १८५३ पासून इंग्रजांकडे होता. शेजारच्या औरंगाबाद भागात दीनदयाळ यांनी पुष्कळ काम केले. वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्ला यांचे त्यांनी काढलेले फोटो आजही पाहायला मिळतात. निजामाच्या मेजवान्या, शिकारी, फौजा हे सर्व तर त्यांनी टिपलेच. पण दुष्काळाच्या कामांवर राबणारी माणसेही त्यांच्या स्टुडिओच्या फोटोंत आहेत. मला हे फोटो शिकारीच्या फोटोंपेक्षा मोलाचे वाटतात.

निजामाने त्यांना 'राजा बहादूर मुसव्विर जंग' असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार, हे तुम्हांला सांगायला नको! निजाम स्वतः शायर होते. दीनदयाळ यांच्या कलेची स्तुती करणारा उर्दू शेरही त्यांनी रचला होता, असे सांगतात.

एक अडचण मात्र होती. पडदा पाळणाऱ्या घरांतील स्त्रिया परक्या पुरुषासमोर बसणार कशा? त्यांचे फोटोच निघत नसत. म्हणजे आजोबांचा चेहरा नातवंडांना ठाऊक, आजीचा नाही. दीनदयाळ यांनी यावर उपाय काढला. १८९२ साली त्यांनी हैदराबादला खास जनाना स्टुडिओ सुरू केला. त्याला उंच भिंती होत्या. तेथे केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाई काम पाहत. आत पुरुषाला प्रवेश नव्हता. त्यामुळे कितीतरी स्त्रियांची आठवण टिकून राहिली.

१८९६ साली त्यांनी मुंबईलाही स्टुडिओ उघडला. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीकडून त्यांना शाही छायाचित्रकाराचा मान मिळाला. या गोष्टी लक्षात ठेवल्या तर फोटोचे वय ओळखता येते. पुठ्ठ्यावर मुंबईच्या स्टुडिओचे नाव असेल, तर तो १८९६ च्या आधीचा असू शकत नाही. नावाआधी 'लाला' असेल तर फोटो आधीचा. 'राजा दीनदयाळ आणि सन्स' असेल तर नंतरचा. पुठ्ठाही बोलतो. पातळ, चौकोनी कोपऱ्यांचा पुठ्ठा बहुधा जुना असतो. जाड, गोल कोपऱ्यांचा, सोनेरी काठाचा पुठ्ठा बहुधा नंतरचा असतो. पण एकाच खुणेवर भरवसा ठेवू नये, कारण दुकानदार जुने पुठ्ठे संपेपर्यंत वापरीतच असत.

असा फोटो मिळाला तर तो पुठ्ठ्यावरून सोलू नये, पाण्याने पुसू नये, उन्हात टांगू नये. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला दाखवून नाव विचारावे आणि ते मागच्या बाजूला शिसपेन्सिलीने हलकेच लिहावे.

१९०४ साली दीनदयाळ यांचा मुलगा धरमचंद वारला. १९०५ साली ते स्वतः वारले. दुसरा मुलगा ज्ञानचंद याने काम पुढे चालवले, पण पहिले वैभव राहिले नाही. पुष्कळ काचा फुटल्या, विखुरल्या. उरलेल्यांपैकी २८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. २००६ साली टपाल खात्याने दीनदयाळ यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यांच्या स्टुडिओत बसलेल्या अनेकांचे चेहरे आजही स्वच्छ दिसतात. डोळ्यांतली चमक दिसते, अंगठीचा खडा दिसतो. नावे मात्र सगळ्यांची लिहिलेली नाहीत.