बंद कोठडीतील आगमनकाळ

नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा काळ ख्रिस्ती परंपरेत आगमनकाळ म्हणून पाळला जातो. हा उत्सवाचा नव्हे, प्रतीक्षेचा काळ. भोवतालचे सारे झपाट्याने बदलत असता माणसाने कशाच्या आधारे स्थिर राहावे, हा प्रश्न या दिवसांत श्रद्धावंतांना विशेषत्वाने पडतो. जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बोनहोफर यांच्या अवघ्या एकोणचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्याचे एक उत्तर सापडते. ख्रिस्ती नसलेल्यांनीही ते विचारात घ्यावे असे आहे.

४ फेब्रुवारी १९०६ रोजी ब्रेस्लाऊ येथे त्यांचा जन्म झाला. वडील नामवंत मनोविकारतज्ज्ञ होते. बारा वर्षांच्या डीट्रिखने १९१८ साली थोरला भाऊ महायुद्धात गमावला. १९२३ साली त्याने विद्यापीठात पाऊल टाकले, तेव्हा जर्मन मार्काला रद्दीचीही किंमत उरली नव्हती. पुढे मंदी आली आणि १९३२ साली बेकारांची संख्या साठ लाखांच्या घरात गेली. अपमानाने व दारिद्र्याने पोळलेला समाज त्राता शोधू लागला. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला.

या बदलाबरोबर चर्चमधील मोठा वर्गही बदलला. ज्यू वंशाच्या धर्मोपदेशकांना सेवेतून दूर करण्याचा नियम त्याच वर्षी प्रशियाच्या चर्चने स्वीकारला. काळाची पावले ओळखणे, असे या शरणागतीला म्हणता आले असते. राज्यसत्तेच्या अत्याचाराला बळी पडणारा कोणत्याही धर्माचा असो, त्याच्याशी चर्च बांधील आहे, अशी भूमिका बोनहोफर यांनी मात्र प्रारंभीच मांडली.

अहिंसक प्रतिकाराची रीत अभ्यासण्यासाठी त्यांना हिंदुस्थानात यायचे होते. १९३४ साली गांधीजींनी त्यांना निमंत्रणही धाडले. परंतु सरकारधार्जिण्या चर्चपासून वेगळ्या झालेल्या गटाने धर्मोपदेशक घडविण्याचे काम त्यांच्यावर सोपविले आणि हा प्रवास राहून गेला. त्यांचे फिंकेनवाल्डे येथील विद्यालय १९३७ साली गेस्टापोने बंद केले. १९३९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरक्षित आश्रय मिळाला असताही ते काही आठवड्यांतच मायदेशी परतले. देशबांधवांच्या संकटकाळात आपण दूर राहिलो, तर उद्याच्या उभारणीत भाग घेण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही, अशी त्यांची धारणा होती.

शांततेचा हा पुरस्कर्ता पुढे हिटलरविरोधी कटात सामील झाला. येथे स्थैर्य कोठे राहिले, असे कोणी विचारील. मार्ग बदलला हे खरे, आणि त्या मार्गात पाप आहे याची जाणीवही त्यांना होती. परंतु ज्याच्यासाठी मार्ग शोधायचा, तो पीडित माणूस त्यांच्या दृष्टीआड कधीच झाला नाही. मतांना चिकटून राहणे वेगळे आणि निष्ठेला जागणे वेगळे.

५ एप्रिल १९४३ रोजी त्यांना अटक झाली. त्या वर्षीचा आगमनकाळ बर्लिनच्या टेगेल तुरुंगात गेला. ज्याचे दार केवळ बाहेरूनच उघडू शकते, त्या कोठडीतील जिणे म्हणजेच आगमनकाळ, असे त्यांना जाणवले. तरीही ती वाट पाहणे निष्क्रिय नव्हते. ते वाचीत, लिहीत. नाताळासाठी त्यांनी सहकैद्यांकरिता प्रार्थना रचल्या. १९४४ च्या ऑक्टोबरात पलायनाची तयारी झाली होती. आप्तांवर सूड उगवला जाईल म्हणून त्यांनी तो बेत सोडला. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आली. दोनच आठवड्यांनी अमेरिकी सैन्याने ती छावणी मुक्त केली.

दार त्यांच्यासाठी उघडले नाही, असे इतिहास म्हणेल. पण दार उघडण्याची हमी मिळाल्यावरच जी निष्ठा टिकते, तिला व्यवहार म्हणतात. बदलत्या काळात काय सोडावे याचा हिशेब आपण सारेच मांडत असतो. काय सोडायचे नाही, हे ज्याने आधी ठरविले त्याचाच तो हिशेब चुकत नाही.