रेम्ब्रांट आणि ज्यू वस्ती

लायडनमधील पवनचक्कीवाल्याचा मुलगा रेम्ब्रांट १६३९ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या ब्रेस्ट्राट मार्गावरील १३,००० गिल्डरांच्या घरात राहावयास आला. भोवती पोर्तुगालमधील धर्मच्छळातून निसटलेल्या ज्यूंची वस्ती होती. घराचे कर्ज त्याला शेवटपर्यंत फेडता आले नाही. परंतु त्या वस्तीने त्याला नवी दृष्टी दिली. ख्रिस्त जन्माने ज्यू होता, हे सत्य युरोपीय चित्रकला विसरली होती. रेम्ब्रांटने ख्रिस्तमुखासाठी बहुधा एका ज्यू तरुणालाच समोर बसविले. वस्तीतील विद्वान मनश्शे बेन इस्राएल यांच्या ग्रंथासाठी १६५५ मध्ये त्याने चार अम्लरेखने केली. पुढच्याच वर्षी त्याचे दिवाळे निघाले आणि १६५८ मध्ये घर लिलावात गेले. १६६९ मध्ये तो निवर्तला, तेव्हा त्याला भाड्याच्या निनावी थडग्यात पुरण्यात आले. ते घर १९११ पासून त्याचे स्मारक-संग्रहालय आहे.