टर्मिनलमधल्या लाल अक्षरांमागचे बॉब बेमर कोण होते?

सी प्रोग्रॅममध्ये बॅकस्लॅश, ०३३, चौकटी कंस, ३१ आणि एम एवढं छापलं, की टर्मिनलवरची पुढची अक्षरं लाल होतात. यातला ०३३ म्हणजे एस्केप. पुढचं छापू नको, हुकूम समज, असं तो टर्मिनलला सांगतो. ही युक्ती १९६० मध्ये आयबीएममधल्या बॉब बेमर यांनी सुचवली. तेव्हा एका कंपनीच्या संगणकाची अक्षरं दुसरीच्या संगणकाला कळत नसत. त्यावर उतारा म्हणून १९६३ मध्ये अ‍ॅस्की आलं. एस्केप आणि बॅकस्लॅश त्यात आले ते बेमर यांच्यामुळे. रंगांचे आकडे मात्र नंतरचे.

वर्षाचे दोनच आकडे साठवले तर २००० साली घोळ होईल, हेही त्यांनी १९७१ मध्येच लिहिलं. फारसं कोणी मनावर घेतलं नाही. शेवटी अब्जावधी डॉलर खर्चून प्रोग्रॅम दुरुस्त करावे लागले. बेमर २००४ मध्ये टेक्सासमध्ये वारले.