स्टिरिओचा जनक : ॲलन ब्लमलाइन

कॉमन रूममध्ये रविवारी पिक्चर लागतो तेव्हा पहिली पंधरा मिनिटं कशात जातात हे तमाम हॉस्टेलवासीयांना माहीत आहे. कुणी सबवूफर टेबलाखाली ढकलतो, कुणी बास फुल करतो, कुणी वायर उपटून परत खोचतो. एवढं करूनही हिरो स्क्रीनच्या मधोमध उभा आणि त्याचा आवाज येतो डाव्या कोपऱ्यातल्या कपाटामागून! मित्रांनो, नेमक्या ह्याच गोष्टीने १९३१ साली लंडनमधला एक इंजिनिअर वैतागला होता. त्याचं नाव ॲलन डॉवर ब्लमलाइन.

ॲलनचा जन्म २९ जून १९०३ चा, लंडनमधल्या हॅम्पस्टेडचा. वडील मूळचे जर्मन. सात वर्षांचा असताना त्याने घरच्या दाराची बेल दुरुस्त केली आणि वडिलांना चक्क बिल दिलं, खाली सही 'इलेक्ट्रिकल इंजिनिअर' अशी! गंमत म्हणजे बारा वर्षांचा होईपर्यंत ह्या मुलाला नीट वाचता येत नव्हतं असं सांगतात. पण पुढे लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजमधून तो फर्स्ट क्लासमध्ये पास झाला. पहिली नोकरी टेलिफोन कंपनीत. एका लाईनवरचं बोलणं दुसऱ्या लाईनवर ऐकू येतं तो क्रॉसटॉक कमी करायचं काम. १९२९ मध्ये तो कोलंबिया ह्या ग्रामोफोन कंपनीत गेला. १९३१ साली तीच कंपनी दुसऱ्या एका कंपनीत मिसळून ईएमआय झाली.

तेव्हा बोलपट नवीन होते. ॲलन आपल्या होणाऱ्या बायकोबरोबर, डोरीनबरोबर पिक्चर बघायला गेला. पडद्यावरचा माणूस इकडून तिकडे चालत गेला, पण आवाज आपला एकाच जागेवरून! बाकीचं थिएटर पिक्चर बघत होतं, ह्याच्या डोक्यात मात्र भुंगा सुरू झाला. माणसाच्या मागे त्याचा आवाजही चालला पाहिजे आणि तसं करायचा मार्ग आपल्याकडे आहे, असं त्याने डोरीनला सांगितलं. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटचा अर्ज केला. त्याचा नंबर ३९४३२५. त्यात एकूण ७० दावे होते आणि ॲलनचं वय होतं अवघं २८!

आयडिया काय होती? उजवीकडचा आवाज उजव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो, त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. हाच फरक दोन माइकनी पकडायचा आणि दोन स्पीकरनी परत उभा करायचा. एकाच रेकॉर्डच्या खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरायची युक्तीही त्याच पेटंटमध्ये आहे. शिवाय दोन चॅनेलची बेरीज आणि वजाबाकी करून आवाज कमी-जास्त पसरवण्याची पद्धतसुद्धा! बेरजेत मधला आवाज असतो, वजाबाकीत कडेचा.

आता ही बेरीज-वजाबाकी आपल्या कॉमन रूममध्ये आणूया. एका स्पीकरच्या प्लस-मायनस वायर उलट लागल्या की एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो, म्हणजे बेरजेची वजाबाकी होते. बास गायब, आणि मधला डायलॉग नेमका कुठून येतोय ते कळत नाही. अशा वेळी नॉब फिरवून काहीही होत नाही, वायर उलटीच करावी लागते! खात्री करायची तर स्पीकर ॲम्प्लिफायरपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला लागलं की कोन बाहेर यायला हवा. दुसरी गोष्ट म्हणजे जागा. दोन स्पीकर आणि ऐकणारा असा समभुज त्रिकोण जमवा. एक स्पीकर फारच जवळ असेल तर सगळा आवाज त्याच बाजूला खेचला जातो.

१९३४ मध्ये ॲलनने लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ऑर्केस्ट्राचं स्टिरिओ रेकॉर्डिंग केलं. १९३५ मध्ये हेज स्टेशनवरून जाणाऱ्या ट्रेन्सची फिल्म काढली. त्यात गाडीबरोबर तिचा आवाजही सरकतो. पण ह्याचा धंदा करायला तेव्हा कुणी पुढे आलं नाही. ॲलन रुसून बसला नाही, टेलिव्हिजनच्या कामाला लागला. बीबीसीने १९३६ मध्ये ज्या ४०५ लाईनच्या टीव्हीला सुरुवात केली त्याच्या टीममध्ये तो होता. ती पद्धत इंग्लंडमध्ये १९८५ पर्यंत चालली! आयुष्यभरात त्याच्या नावावर १२८ पेटंट जमा झाली.

मग महायुद्ध आलं. विमानातून खालच्या जमिनीचा नकाशा दाखवणाऱ्या एच-टू-एस रडारवर तो काम करू लागला. ७ जून १९४२ रोजी त्याचीच चाचणी चालू असताना हॅलिफॅक्स विमानाच्या इंजिनला आग लागली आणि विमान वेल्श बिकनॉरजवळ कोसळलं. आतले अकराही जण गेले. ॲलन फक्त ३८ वर्षांचा होता, मागे डोरीन आणि दोन लहान मुलं. काम गुप्त, म्हणून त्याच्या मृत्यूचा गाजावाजाही झाला नाही. आग कशामुळे लागली? तपासात निघालं की इंजिनच्या व्हॉल्व्हजवळचा एक नट नीट आवळलेला नव्हता. एक नट!

दुकानात स्टिरिओ रेकॉर्ड आल्या त्या १९५८ च्या सुमारास. ज्याने त्या शोधल्या तो ऐकायला नव्हता. २०१७ मध्ये त्याला मरणोत्तर टेक्निकल ग्रॅमी मिळालं, म्हणजे जाऊन ७५ वर्षं झाल्यावर.

आपण इंजिनिअरिंगची मुलं व्हायव्हासाठी पाठ करतो आणि विसरतो. ब्लमलाइनकडून घ्यायचं ते वेगळंच आहे. सगळ्यांना चालतंय म्हणून आपल्याला खटकलेलं सोडून द्यायचं नाही, आणि नट छोटा आहे म्हणून सैल ठेवायचा नाही. तेव्हा येत्या रविवारी बास वाढवायच्या आधी जरा मागे वाकून वायर बघा. पंधरा मिनिटं वाचतील आणि पिक्चर सुरुवातीपासून बघायला मिळेल!